एका टेबलाला एकच कात्री

नाही, हात सोडता येणार नाहीत बाई, ती सामानाची यादी तिथं कपाटावर ठेवा, मी मागाहून सही करतो — आणि उठलो नाही म्हणून राग मानू नका, हा पूल आहे. पुठ्ठ्याचा. या टेबलापासून त्या टेबलापर्यंत. डिंक ओला आहे अजून. मोठा काटा सहावर गेला की सोडायचा, असा मला हुकूम आहे, आणि हुकूम देणारी सहा वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत तिचे, पण ती बोलली की माणूस गुमान ऐकतो. धरायचं काम खरं तर बडबड्याचं — चार पोरांत चार कामं, एकानं मोजायचं, एकानं कापायचं, एकानं चिकटवायचं, एकानं धरायचं — पण डबा खायची सुट्टी झाली, त्याला भूक लागली, त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, मामा, तू रिकामाच आहेस ना. होतोच. मामा म्हणतात मला. कुणी शिकवलं नाही, बाईंचा भाऊ म्हणजे मामा, असा पहिलीतला हिशोब. चुकलाय असं मला तरी सांगता येईना.

हो, तोच मी. तुमच्या आधी या वर्गावर होत्या त्या बाईंचा धाकटा भाऊ. वीस दिवस झाले तिला जाऊन. — असू द्या, असू द्या. सुतार आहे मी. ही टेबलं मीच केली, लांब बाकं कापून. चार पोरं समोरासमोर बसतील अशी कर म्हणाली. मी म्हटलं, ताई, समोरासमोर बसली की बोलतील. ती म्हणाली, मग? एवढंच. मग? आता मी चौथीपर्यंत शिकलेला, त्यातलंही निम्मं बाकाखाली, मी काय वाद घालणार. कापली.

आणि आता मोठ्या बाईंनी निरोप पाठवला, नव्या बाई मुलांना ओळीत बसवतात, तेव्हा परत बाकं करून दे. सोमवारी हत्यारं घेऊन आलो. आज शुक्रवार. काम अवघड आहे का — नाही हो, एका दिवसाचं आहे. सोमवारी करवतीला धार नव्हती. मंगळवारी धार होती, पण मंगळवारचं वेगळंच झालं.

मंगळवारी माझ्या लक्षात आलं, एका टेबलाला एकच कात्री. चार पोरं, एक कात्री. म्हटलं, माझी बहीण चार वर्षं इथं राबली आणि हिला कुणी धड कात्र्या दिल्या नाहीत? डोकंच फिरलं. माझं फिरायला वेळ लागत नाही. तसाच बाजारात गेलो, चोवीस कात्र्या आणल्या, लाल मुठीच्या, बोथट टोकाच्या, आणि मोठ्या बाईंच्या खोलीवरून जाताना मुद्दाम पिशवी खळखळवली. प्रत्येकाला एक वाटली. आणि बाई, वर्ग असा गप्प झाला की मला वाटलं सगळी एकदम आजारी पडली. शेजारच्या वर्गाच्या बाई, सध्या दोन्ही वर्ग त्याच बघतात, त्या धावत आल्या, काय झालं म्हणून. जो तो मान खाली घालून आपापलं कापतोय. एरवी कसं — मला दे, थांब, वाकडं जातंय, तू पुठ्ठा धर मी कापते — त्यातलं काही नाही. अर्ध्या तासात चोवीस पोरांनी पुठ्ठ्याचा भुगा केला, पूल एकाचाही नाही. आणि बडबड्याशी बोलायला कुणी नाही म्हणून त्यानं स्वतःचे पुढचे केस कापले. पार मुळापासून. त्याची आई येऊन गेली. मलाच भेटली ती, मस्त भेटली.

मग ती दातपडकी उठली. खोक्यात सगळ्या कात्र्या गोळा केल्या आणि माझ्यापुढं आणून आपटल्या. म्हणाली, मामा, बाईंकडं पण आहेत एवढ्या. कपाटात. उघडलं कपाट. खालच्या खणात दोन डबे भरून कात्र्या. नव्याकोऱ्या, दोरासुद्धा सोडलेला नाही.

म्हणजे मुद्दामच. घरी पण तिचं हेच. मी भाजी चिरायला घेतली की कांदा सोलायला ही हजर. एकट्याला काही करू द्यायची नाही, आणि मला मेल्याला सगळं एकट्यानंच करायचं असतं. दवाखान्यातसुद्धा — तिनं कागदावर लिहून दिलं होतं, पाळ्या लावा म्हणून. मावशी, आत्येभाऊ, शेजारच्या वर्गाच्या बाई आणि मी. औषधं कुणी आणायची, उशाशी कुणी बसायचं, घरी जाऊन झोपायचं कुणी. झोपायचं हेही कामच, तिच्या लेखी. मी कागद खिशात घातला. म्हटलं, मी आहे ना. मावशीला दारातूनच परत पाठवली. अकरा दिवस मी एकटा, आणि बाराव्या दिवशी, भर दुपारी, बसल्या बसल्या डोळा लागला माझा. अर्धा तास. तेवढाच.

नर्स म्हणाली, झोपेतच गेल्या, त्यांना काही कळलं नसेल. असेल तसं. पण हात धरायचं काम माझं होतं ना. मीच घेतलं होतं मागून.

नाही, नाकाला खाज सुटलीय, दुसरं काही नाही. रुमाल नको, राहू द्या. बाहीला पुसतो — बघा, हलला. हलला तो.

तुमचा वर्ग आहे, तुम्ही ओळी करा, माझी काही ना नाही. दुपारी म्हणाल तर दुपारी करवत काढतो. फक्त एवढं झालं की — यावर डबा ठेवून बघायचाय त्यांना, भरलेला, झाकणासकट. घड्याळ तुमच्या पाठीमागं आहे, कुठं आलाय काटा? पाचावर? म्हणजे अजून पाच मिनिटं. ते पलीकडचं टोक खाली चाललंय बाई. जाताना ती बजावून गेली होती, मामा, दुसरं टोक कुणालातरी धरायला सांग. मी म्हटलं, जा गं, मी आहे ना.

बाई, ते टोक धरता का?

कागद ठेवा आधी. त्या खुर्चीवर नका बसू, काल मी अडकलो होतो, दोघांनी ओढून काढलं. गुडघ्यावर बसा. दोन बोटांनी धरायचं, खालून, दाबायचं नाही. हां. अस्सं. आता डिंक वाळेपर्यंत धरणाऱ्यांनी बोलायचं नाही, बोललं की हलतं, असा इथला नियम आहे. मी मघापासून बोलतोय, हे दातपडकीला सांगू नका.

गप्प. आली ती.