पाय धुऊन आलेले बारा जण

पायांवरी पडे पाणी। मन कोरडे पाषाणी॥

मंडळी, ऐका. प्रश्न सोपा आहे — पाय धुवायचे ते कुणाचे? मळलेले, की घरूनच धुऊन आणलेले?

हसू नका. येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, तसे पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या बारांत आपलं नाव लागावं म्हणून काय काय चालतं, ते मला विचारू नका. मी अजून शाळेत आहे. पण डोळे आहेत ना मला! साबण लावून, नखं कापून, नवे मोजे घालून येतात सगळे. गेल्या वर्षी लोपीस अंकलनी पायांना पावडर लावली होती, आणि फादर वेदीपुढे शिंकत राहिले. अंकल, राग नसावा. पावडर भारी होती.

तर चला रोमला. आख्यान माझं मीच रचलंय, तेव्हा पोपांच्या नामावळीत सेरेनुस हे नाव शोधत बसू नका.

काळ छळाचा. ख्रिस्ताचं नाव घेतलं की तुरुंग. सुटायचं असेल तर सम्राटाच्या पुतळ्यापुढे चिमूटभर धूप टाकायचा. मंदिर कुठून असणार? भक्त जमायचे गायुसशेठच्या घरी. शेठ कापडवाले. घर मोठं, पोट मोठं, प्रार्थनेचा आवाज त्याहून मोठा. तिथे एक साधी लाकडी खुर्ची — तिला सगळे संत पेत्राची, म्हणजे येशूच्या पट्टशिष्याची, पहिल्या पोपची खुर्ची म्हणायचे. तिच्यात बसून पोप सेरेनुस शिकवायचे. लोक त्यांना बाबा म्हणत.

आणि दाराबाहेर सबीना. शेठच्याच धुलाईखान्यात ती हौदात उभी राहून पायांनी कपडे तुडवायची. हौदात पाणी नसायचं हं — शिळं मूत्र! रोमात डाग त्यानेच काढायचे. शेठचा झगा पांढराशुभ्र, आणि सबीनाचे पाय पिवळे, भेगाळलेले.

तिने धूप टाकला होता. शिपायांनी तिच्या म्हाताऱ्या आईचे केस धरले होते, तेव्हा टाकला. तुम्ही काय केलं असतं? राहू द्या, उत्तर मनात ठेवा.

धूप टाकणाऱ्याने दाराबाहेर उभं राहून आत जाणाऱ्यांना विनवायचं, आणि माफी मिळेपर्यंत प्रसादाची, प्रभूची भाकर नाही, अशी तेव्हाची रीत. आई पुढे वारली. आता सबीनाला एकच धास्ती — प्रभूची भाकर तोंडात पडण्याआधीच आपणही मरू.

"शेठ, माझ्यासाठी प्रार्थना करा."

"करतो हो, करतो." आणि शेठ आत.

गुरुवार आला. बारा जण ओळीने बसले, पहिले अर्थात शेठ. बाबांनी घमेलं ठेवलं, शेठचा पाय हातात घेतला. गुलाबाच्या तेलाचा घमघमाट!

"गायुस, हा कुणी धुतला?"

"गड्याने, बाबा. म्हटलं, तुम्हाला त्रास नको."

"आणि दुसरा?"

"तोही त्यानेच."

बाबा ओळीतून शेवटपर्यंत गेले. सगळे पाय चकाचक.

"मग मला कशाला बोलावलंत? इथे सगळं आटपलेलंच आहे." घमेलं उचललं आणि दाराबाहेर गेले. "सबीना, बस."

"नको बाबा. पायांना हौदाचा वास आहे."

"म्हणूनच पाणी आणलंय."

शेठ उठले. "बाबा, हिने प्रभूला नाकारलंय. नाकारणाऱ्याची जागा बाहेर."

"बरोबर. मग खुर्चीही बाहेर काढा."

"कोणती खुर्ची?"

"पेत्राची. प्रभूला धरून नेलं त्या रात्री, कोंबडा आरवायच्या आत त्याने प्रभूला तीनदा नाकारलं. आणि त्याच्या आईचे केस कुणी धरले नव्हते, गायुस. एका दासीने नुसतं विचारलं होतं, तू येशूबरोबरचाच ना?"

कुणी हललं नाही. बाबांनी स्वतः खुर्ची उचलली, रस्त्यावर मांडली, सबीनाला तिच्यात बसवलं आणि गुडघे टेकले. भर रस्त्यात, दिवसाउजेडी.

दिसणार नाही होय? गस्तीचे शिपाई आले. मंडळी, धुतलेले पाय किती चपळ असतात! शेठ मागच्या भिंतीवरून गेले, पोटासकट.

शिपायांच्या नायकाने सबीनाला ओळखलं. "तू तर धूप टाकलेली. टाक पुन्हा चिमूटभर आणि घरी जा." तिच्या तळहातावर धूप ठेवलाही.

तिने खाली पाहिलं. एक पाय ओला, एक तसाच. धूप तिने घमेल्यात झटकला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माझा एक पाय राहिलाय."

बाबांनी तो धुतला. झग्याआड जपलेली प्रभूची भाकर मोडून तिच्या तोंडात घातली. दोघांना नेलं, ते परत आले नाहीत.

शेठ परत आले. खुर्ची आत नेली, तिच्यावर मखमल घातली आणि आयुष्यभर सांगत फिरले — "संत आमच्याकडेच असायचे!"

आता आपलं बघू. आपल्या चर्चच्या फाटकापाशी, बाहेरच, रेमेदीमावशी उभ्या आहेत. माना वळवू नका, रोज तिथेच असतात. त्यांनी काय केलं ते मी सांगणार नाही. तुमचं एकमेकांना सांगून झालंय.

फादर, येत्या गुरुवारी बारांत माझं नाव आहे. ते खोडा. मी आंघोळ करूनच येते. घमेलं तुम्ही घ्या, फाटकापर्यंत खुर्ची मी नेते.