बॉयलरच्या पूजेतली सुपारी

या, या! मागं भिंतीला टेकून उभं राहू नका, पुढं भरपूर जागा आहे. पेटीवाले, सूर तेवढा धरून ठेवा... हां! मंडळी, ऐका! गोष्टीआधी एक प्रश्न. काम म्हणजे पूजा — म्हणतो की नाही आपण? म्हणतो! मग जो माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत कामातच बुडालेला, तो सगळ्यात मोठा भक्त. बरोबर? माना डोलल्या! मग त्या भक्ताच्या घरी देव सुखानं नांदायला हवा. पण कीर्तनाच्या निमित्तानं मी कितीतरी घरांत जातो आणि बघतो, कामाचा माणूस जेवढा मोठा, तेवढं त्याचं घर सुनं! असं का? पूजा चुकली, की देव रुसला?

उत्तर मी देणार नाही. उत्तर देणार आहे भालचंद्र इंगवले!

आजचा आपला राजा पुराणातला नाही बरं का. पँट-शर्ट घालतो. डोक्यावर मुकुट नाही, पिवळं हेल्मेट आहे! कृष्णाकाठी एक साखर कारखाना. नाव विचारू नका, तुमच्यातल्या निम्म्यांचा ऊस तिथंच जात असेल. त्या कारखान्याचा हा मुख्य अभियंता, म्हणजे सगळ्या यंत्रांचा धनी. आणि काय माणूस सांगू! लांबून चालत येता येता नुसत्या आवाजावरून सांगायचा — "तीन नंबरच्या मिलचं बेअरिंग कुरकुरतंय, बघा रे!" बघावं तर खरंच! वाफेची सगळी लाइन पोरांनी फुटलेली म्हणून सोडून दिलेली, ती ह्यानं पाण्यात उभं राहून चालू केली. उगाच नाही अख्खा तालुका म्हणायचा, "इंगवलेसाहेब आहेत तोवर कारखाना थांबत नाही." अभिमान वाटावा असाच गडी! मलाही वाटतो. आतापासूनच सांगून ठेवतो, ह्या गोष्टीत खलनायक कुणी नाही.

पण मंडळी, फोन! हा फोन म्हणजे काय... घास तोंडाशी नेला की वाजलाच! "साहेब, गरम होतंय." "साहेब, आवाज येतोय." "साहेब, वास येतोय." अरे, जेवणाचा वास येऊ दे की त्याला! बरं, हंगाम संपला की मोकळा? छे! हंगाम संपला की सगळी यंत्रं खोलायची, घासायची, पुन्हा जोडायची. ती जोडून होतात तोवर पुढचा हंगाम दारात हजर.

कारखान्याच्या कॉलनीतच घर. घरी बायको, अनुपमा. लग्न प्रेमाचं बरं का! सांगलीला शिकत असताना हा हिच्या घरावरून सायकलनं जायचा, आणि सायकलची चेन नेमकी हिच्याच दारात पडायची. पुढं ज्यानं अख्खा कारखाना चालवला त्याला सायकलची चेन नीट बसवता येत नव्हती म्हणे! बघा, आयाबाया हसल्या. तुमच्या दारात कुणाकुणाच्या चेनी पडल्या ते विचारत नाही मी! तर अशी ही अनुपमा. तीही शिकलेली. फिजिओथेरपिस्ट. म्हणजे आखडलेले सांधे मोकळे करायचे, बसलेल्या माणसाला उठवायचं, उठलेल्याला चालवायचं. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातून तिला दोनदा बोलावणं आलं. पण ह्याची धावपळ, घरी कोण? म्हणून कारखान्याच्या छोट्या दवाखान्यात ती आपली पाठी शेकत राहिली.

तर एका वर्षी चेअरमन आबासाहेबांनी इंगवलेंना बोलावलं. "इंगवले, यंदा बॉयलरचं अग्निप्रदीपन तुम्हा दोघांच्या हस्ते!" तुम्हाला ठाऊकच आहे, दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पहिल्यांदा पेटवतात, त्याची पूजा असते, आणि ती जोडीनं करायची असते. मान मोठा! एरवी संचालकांच्या घरात फिरणारा मान नोकरीतल्या माणसाला मिळाला. अनुपमाला केवढा आनंद! तिनं ठेवणीतलं नेसायचं काढलं आणि नवऱ्याला एकच गोष्ट मागितली. "अहो, मला न्यायला या. घरातून जोडीनं निघू, जोडीनं जाऊ. माझ्या आईबाबांनी कुठल्या पूजेला कधी वेगवेगळं पाऊल टाकलं नाही."

"येतो की! त्यात काय!"

त्यात काय! मंडळी, संसारातले निम्मे घोटाळे ह्या दोन शब्दांनी होतात.

पूजेचा दिवस. साहेब उजाडताच कारखान्यात. एका व्हॉल्व्हमधून पाणी गळत होतं. तेवढं बघायला गेला आणि त्यातच बुडाला. मांडव सजला, सनई लागली, आबासाहेब येऊन बसले. पाध्येगुरुजींनी हाक मारली, "यजमान, चला! मुहूर्त आला. वहिनी कुठं आहेत?"

आणि तेव्हा ह्याला आठवलं! पण अभियंता ना! अडचण आली की तोड काढायची, हा हाताचा गुण. पटकन म्हणाला, "गुरुजी, सुपारी चालते ना? बायकोच्या जागी कमरेला सुपारी लावा आणि उरकून घ्या."

गुरुजींच्या हातातली पळी तशीच राहिली. "साहेब, सुपारी लावतात ती मंडळी परगावी असली, अंथरुणाला खिळलेली असली, नाहीतर... अशुभ बोलू नये. वहिनी इथं हाकेच्या अंतरावर आहेत!"

"मुहूर्त टळेल गुरुजी. आबासाहेब थांबलेत. लावा!"

लावली! गडबडीनं नेसलेल्या धोतराच्या निऱ्यांत सुपारी खोचली आणि पहिली आहुती पडणार एवढ्यात मांडवाच्या दारात कोण? अनुपमा! वाट बघून बघून शेवटी एकटी चालत आलेली. रस्त्यानं ट्रॅक्टरची धूळ, ती सगळी ठेवणीतल्या लुगड्यावर. तिनं नवऱ्याकडं बघितलं. कमरेकडं बघितलं. तिला कळलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई रडली असेल. नाही! बाई भांडली असेल. नाही! गुरुजी गडबडीनं उठायला लागले, तर हिनं हात केला. "बसा गुरुजी. सुपारी बसलीय ना जागेवर? मग तिला उठवू नका. पूजा मोडायची नसते." आणि बायकांच्यात जाऊन ताठ उभी राहिली. मंडळी, त्या बाईचा ताठपणा! मी सांगतोय आणि माझीच मान वर होतेय बघा.

संध्याकाळी साहेब घरी आले. आल्या आल्या म्हणाले, "अनू, अगं इलाज नव्हता. शास्त्रातच आहे."

ती म्हणाली, "असेल. बायको नसली तर सुपारी लावावी, हे शास्त्रात आहे. मग एवढंच सांगा — नवरा नसला तर बाईनं काय लावावं? मी रोज तुमचं ताट मांडते, त्या पाटावर काय ठेवू? आजारपणात शेजारी काय ठेवू? कुठलं शास्त्र बघू?"

पेटीवाले, थांबवा जरा. हे नुसतं ऐकू द्या मंडळींना.

मग ती म्हणाली, "मिरजेच्या दवाखान्याला मी हो कळवलंय. मी रुसून माहेरी चालले नाही. कामाला चालले. तुमच्यावर राग आहेच, पण तुम्ही नकोसे झालेला नाहीत. तुम्ही याल तर तुमची जागा आहे. पण मी आता सुपारीच्या जागी राहणार नाही." आणि गेली.

हंगाम सुरू झाला. पहिले काही दिवस साहेब तोऱ्यात. येईल परत! मग तोरा उतरला. घरात पाऊल टाकलं की कानाला काहीतरी टोचायचं. काय? शांतता! सगळ्या यंत्रांचे आवाज ओळखणारा माणूस, पण घरात आवाज कसला असायचा हेच त्याला आठवेना. अनुपमा काम करताना गुणगुणायची का? कॉलनीतल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. ह्यालाच ठाऊक नाही! त्या रिकाम्या घरात तो दाराच्या पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला.

आणि नेमका फोन. त्याच्या हाताखालचा अभियंता मगदूम. "साहेब, पंपाचं प्रेशर कमी दाखवतंय."

"अरे मगदूम, एवढं तुला कळत नाही? तूही इंजिनिअरच ना?"

मगदूम म्हणाला, "कळतंय साहेब. काय करायचं तेपण ठाऊक आहे. पण तुम्हाला न विचारता केलं की तुम्ही रागावता. मागं मी वॉशर बदलला, तर तुम्ही सगळ्यांसमोर तो पुन्हा काढून पुन्हा बसवला. तेव्हापासून विचारूनच करतो."

बसला ना घाव! मंडळी, इथं माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं. काम ही पूजाच. पण पूजा करणारा देवापुढं बसतो. हा देवाच्या जागी जाऊन बसला होता! मी नसलो तर मिल फिरणार नाही, मी नसलो तर वाफ चढणार नाही. अरे बाबा, तुझ्या आधीही कृष्णाकाठी ऊस पिकत होता! फोन लोक करत होते, खरंय. पण फोन करायची सवय कुणी लावली? ह्यानंच! आणि दोष कुणाला? कारखान्याला! सोपं आहे हो. आपण हवेहवेसे वाटावं ना, म्हणून आपणच माणसांना पांगळं करतो.

पण इंगवले अभियंता खरा. बिघाड सापडला की दुरुस्ती करणारच! दुसऱ्या दिवशी मगदूमला घेऊन सगळा कारखाना फिरला. आवाज कसा ओळखायचा, हात कुठं लावायचा, सगळं शिकवलं. आणि सगळ्यात अवघड गोष्ट स्वतः शिकला — गप्प राहायची! मगदूम चुकला की ह्याचे हात शिवशिवायचे. खिशात घालून उभा राहायचा. आबासाहेबांना सांगितलं, "पाळी संपली की मी जाणार. आणि गुरुवार माझा." आबासाहेब म्हणाले, "अहो इंगवले, मी तुम्हाला जनरल मॅनेजर करायच्या विचारात होतो!" ह्यानं हात जोडले. "आबासाहेब, ती खुर्ची मगदूम मोठा झाला की त्याला द्या. मला आधी घरातली जागा मिळवायचीय."

पहिल्या गुरुवारी पोचला मिरजेला. दवाखान्यात केवढी गर्दी! अनुपमानं बघितलं, म्हणाली, "पेशंट आहेत. बसा बाकावर." बसला. साहेब, मुख्य अभियंता, बाकावर! शेजारी एक म्हातारे गृहस्थ. काचेपलीकडं अनुपमा एका बाईला उभं करत होती. पाय लुळा पडलेला, बाई घाबरलेली. अनुपमा पुढं उभी, दोन्ही हात धरलेले. "बघा माझ्याकडं. खाली नाही. टाका पाऊल. मी आहे." बाईनं पाऊल टाकलं! दुसरं टाकलं! आणि अनुपमा अशी हसली म्हणता... इतक्या वर्षांत आपल्या बायकोला काम करताना ह्यानं आज पहिल्यांदा बघितलं हो! ऊर भरून आला. शेजारच्या म्हाताऱ्याला कोपरखळी मारून म्हणाला, "ती माझी बायको!"

म्हातारा म्हणाला, "हो का? नशीबवान दिसताय. आणि तुम्ही काय करता?"

मंडळी, ज्याचं नाव अख्खा तालुका घ्यायचा तो म्हणाला, "मी? मी त्यांचा नवरा."

आणि तेवढ्यात वाजला! फोन हो! मगदूम. "साहेब, मिल फिरवणाऱ्या टर्बाइनचं बेअरिंग तापतंय. लई तापतंय." काचेपलीकडून अनुपमानं बघितलं. तिचा चेहरा एकदम मिटला. तिला वाटलं, उठला हा. निघाला.

हा उठला नाही. "मगदूम, तुला काय वाटतं?"

"साहेब... मिल थांबवून बेअरिंग बदलावं. पण तुमच्या काळात मिल कधी थांबली नाही."

ह्यानं डोळे मिटले. "मग आज थांबव. तुझा निर्णय." आणि फोन ठेवला. बसून राहिला. दोन्ही हात खिशात कोंबून हो! बाकावरची माणसं पुढं सरकली, आत गेली, हा तिथंच. दुपार कलली तेव्हा फोन आला. मगदूमचा आवाज नुसता फुलून आलेला. "साहेब! चालू झाली! आम्ही केली साहेब, आमची आम्ही केली!"

साहेब ताडकन उभा राहिला आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा ओरडला, "माझ्याशिवाय सुरू झाली!" लोकांना वाटलं, कुणाची तरी गाडी. पण काचेपलीकडच्या अनुपमाला कळलं. ती दारात आली, पदरानं डोळे पुसले, आणि म्हणाली, "चला. जेवला नसाल. मीही नाही जेवले."

आज त्यांचं घर मिरजेला आहे. ती दवाखान्यात जाते, तो कारखान्यात जातो. आणि मंडळी, नीट ऐका — तो परत येतो! कारखाना जोरात आहे, मगदूमचं नाव आहे, आणि अनुपमाताईंनी उभं केलेलं माणूस तुमच्या गावातही चालत असेल. अभिमान धरायचा तर असा धरा: आपण उभे आहोत ह्याचा नव्हे, आपल्यामागं माणसं उभी राहिली ह्याचा!

आता तुमच्याकडं वळतो. का, खाली कशाला बघता? इथं बाप्ये डावीकडं, बाया उजवीकडं आणि मधून मोकळी वाट सोडलीय. कीर्तनाची रीत आहे, मला मान्य. पण आज आरतीला उठाल ना, तेव्हा ती मधली वाट मोडा. ज्याच्याबरोबर आलात त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. लाजू नका, देव काही बोलणार नाही!

आणि जे एकटेच आलेत, ज्यांचं माणूस घरी ताट झाकून वाट बघतंय, त्यांनी आरतीला थांबू नका. मी सांगतो, नका थांबू. प्रसाद दारात बांधून ठेवलाय, दोघांचा घ्या. चपला घाला आणि चला घरी. तुमच्या वाटची आरती मी म्हणतो!