दुसऱ्या बाजूनं

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघून एक ड्रायव्हर कावला होता. शेजारी शिंपी नवरा-बायकोची जुंपली होती. बायकोचा गाल सुजून टम्म झाला होता.

“दाढ काढूनच टाकते. रूट कॅनलच्या पैशात नवं मशीन येईल.”

“मशीन गेलं खड्ड्यात!”

“आधी खाली बसा बरं. तुमच्या येरझाऱ्यांनी ठणका वाढतोय.”

“दाढ वाचव म्हणतो ना!”

“दोरा पुढच्या दातांनी तोडतात. धंद्याला दाढ कशाला लागते?”

“आणि जेवायला?”

“जेवेन की दुसऱ्या बाजूनं.”

“तिकडची पोरीच्या फीच्या वेळी काढलीस. तिच्या शेजारची माझ्या ऑपरेशनच्या वेळी.”

“...तुम्हाला कुणी सांगितलं?”

“रोज तुझ्यासमोर बसून जेवतो मी.”