जस्ताचा धूर

बासष्टचा ऐन उन्हाळा होता. दाढ सुजलेली सुहासिनी पांढरकवड्याच्या दवाखान्यात गालाला रुमाल लावून बसली होती. शेजारी तांड्यावरचा धरमसिंग घोंगडी पांघरून हुडहुडत होता आणि त्याची बायको रुपीबाई कंपाउंडरला हकिगत सांगत होती.

"काल जस्ती पत्र्याच्या फुटक्या बादल्या भट्टीत घातल्या यायनं. कायले, तं जस्त येगळं काढाले!"

"भंगारवाला म्हणे, लोखंडापरीस जस्ताले जास्त भाव हाय," धरमसिंग घोंगडीतूनच म्हणाला.

"मग, निघालं का जस्त?" कंपाउंडरनं विचारलं.

"निघालं नं, भाऊ! पांढरा धूर होऊन निघालं. कापसावानी उडालं साऱ्या तांड्यावर. अन् हे खाली वाटी धरून बसले, तुपावानी गळन म्हून!"

"हास, हास. इथं माहे दात वाजून राह्यले."

"वाजतीन नाई तं काय? बादल्या गेल्या, जस्त गेलं, अन् भर उन्हाळ्यात थंडी तेवढी घरी आणली."

सुहासिनीला हसू आवरेना, आणि हसलं की दाढ ठणके.

"तो धूरच बाधलाय. उद्यापर्यंत उतरेल ताप," कंपाउंडर म्हणाला. "पण बाई, एवढी भट्टी एकट्यानं पेटत नाही. भाता कोण मारत होतं?"

रुपीबाईनं ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली.

"मलेबी मघापासून थंडी वाजून राह्यली, भाऊ," ती हळूच म्हणाली.

धरमसिंगनं घोंगडीचं एक टोक उचललं.

"ये अंदर. आता हास."