मूठ वर होती

मी, गोदामात ‘शिट्टी’ या नावाने ओळखला जाणारा, वय ४३, धंदा पूर्वी क्रेनला इशारे देण्याचा, सध्या काही नाही, राहणार लाकडाच्या वखारीमागची गल्ली, पहिला मजला, ठाण्यात आपणहून येऊन सांगतो की, डोक्याला मार लागल्यापासून नवीन गोष्ट माझ्या ध्यानात राहत नाही. म्हणून हा जबाब वही समोर ठेवून देत आहे. हवालदारसाहेबांनी त्याला हरकत घेतलेली नाही.

मी लोखंडी पत्र्यांच्या गोदामात सोळा वर्षे होतो. क्रेन चालवणारा माझा मित्र. अंगाने काडी, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणतात. वर केबिनमध्ये बसून त्याला खालचे नीट दिसत नाही, ऐकू तर येतच नाही. तो फक्त माझा हात बघतो. तळहात खाली हलवला की माल सोडायचा, मूठ वर केली की जागच्या जागी थांबायचे, मग मालक कितीही ओरडेना का. सोळा वर्षांत आमची एकदाही चूक झाली नाही.

मागच्या वर्षी ११ मार्चला सकाळी साडेदहाच्या सुमारास पत्र्यांचा गठ्ठा खाली आला व त्याची कड माझ्या डोक्याला लागली. हेल्मेट फुटले. हे मला लोकांनी सांगितले. मला त्या सकाळी दात घासलेले आठवते, त्यानंतर थेट दवाखान्याचे छत.

मे महिन्यात घरी आलो. येणारा-जाणारा विचारी, “आठवतं ना?” नाही म्हटले की समोरच्याचे तोंड उतरे. म्हणून मी सरसकट “आठवतं तर!” म्हणू लागलो. बायको म्हणते, “उद्या कुणी तुम्ही राजा होतात म्हणालं, तरी आठवतं म्हणाल.” ते खरे आहे.

पैलवान दर रविवारी फळे घेऊन येई आणि म्हणे, “शिट्ट्या, तू हात खाली हलवलास रे. आठवतं ना?” मी आठवतं म्हणे. पंधरा-वीस रविवारांनंतर ते मला खरेच दिसू लागले. ऑक्टोबरमध्ये तो मला याच ठाण्यात घेऊन आला व चूक माझी होती असा जबाब मी दिला. तो जबाब खोटा आहे, पण देताना मी खोटे बोललो नाही. हा फरक कागदावर यावा.

त्या दिवशी बाहेर पायरीवर मी पैलवानापुढे हात जोडले. माझ्यापायी तुझ्या नावाला बट्टा लागला असता, मला माफ कर, म्हणालो. तो म्हणाला, “जाऊ दे रे, होतं.” त्याने माझी माफी घेतली.

उपचार करणाऱ्या बाईंनी दवाखान्यातच मला वहीची सवय लावली होती. कोण आले, काय बोलले, लगेच लिहायचे. परवा अक्षर किती सुधारले ते पाहायला त्यांनी बायकोला दवाखान्यातली पहिली पाने वाचायला सांगितली. नवव्या पानावर माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात आहे: ‘पैलवान आला. दार लोटलं. रडला. म्हणाला तुझी मूठ वर होती, मी फोनमध्ये होतो, मला माफ कर.’ बायकोने ते दोनदा वाचले. पैलवानाला वाटले असावे, याला सांगितले काय नि भिंतीला सांगितले काय. उशीखाली वही आहे हे त्याला ठाऊक नव्हते.

काल त्याला फोन केला. नववे पान मी वाचून दाखवले, ते त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “तुझ्या डोक्याचं काय खरं धरायचं? रविवारी येतो. तोवर विसरशीलच.” त्याने केसाने माझा गळा कापला. आणि मी रविवारची वाट पाहत असे, याची मला जास्त लाज वाटते.

अपघात आज तरी आठवतो का, असे विचारल्यावरून सांगतो की, नाही. डोळे मिटले की अजूनही माझा हात खालीच हलताना दिसतो. वही खरी आहे, माझे डोके खोटे आहे.

वरील मजकूर मला सावकाश, दोन वेळा वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. याची एक नक्कल आजच मिळावी. ती मी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवणार आहे. नाहीतर रविवारी मी त्याला “ये, बस” म्हणेन.