नाडगीर मास्तरांचे जिवंत बेडूक

अध्यक्षमहाराज, नाडगीर वहिनी आणि इथे जमलेल्या मंडळींनो,

आज बोलणं जड जातंय. जड वस्तू एकदम उचलू नये, म्हणून हलक्यापासून सुरुवात करतो. माझी एक तक्रार आहे. ती माझ्या तपकिरीच्या डबीबद्दल आहे.

गेल्या पावसाळ्यात नाडगीर मास्तरांनी ती भर रस्त्यात माझ्या हातातून घेतली, तपकीर माझ्याच रुमालात ओतली आणि डबीत गांडुळं घालून वर्गावर गेले. संध्याकाळी परत दिली. धुतली आहे, म्हणाले. म्हणाले, एवढंच मी सांगू शकतो. तेव्हापासून मी तपकीर पुडीतूनच ओढतो. वहिनी, हे प्रकरण त्यांच्या हयातीत निकालात निघालं नाही, म्हणून इथे मांडून ठेवलं.

मंडळी, मी वार्ताहर. संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम. मास्तरांची आणि माझी ओळखही संशयातूनच झाली. आमच्या कचेरीत शहरातले एक प्रतिष्ठित गृहस्थ आले. म्हणाले, शाळेत जीवशास्त्राच्या नावाखाली मास्तर जिवंत बेडूक फाडतात, आणि पोरं घरी येऊन जेवत नाहीत. संपादकांनी मला पाठवलं. मी लहानपणी संस्कृत पाठशाळेत शिकलेला. जीवदयेवर चार श्लोक जिभेवर ठेवूनच गेलो. मागच्या बाकावर बसलो.

टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला बेडूक. एक पाय तेवढा बाहेर. मला वाटलं, आता सुरी निघणार.

नेसरीकडचा एक मुलगा उठला. "मास्तर, ह्यात काय बघायचं? आमच्या रानात पायाखाली येत्यात की."

"मग तुला ठाऊकच असेल. मागच्या पायाला बोटं किती?"

"चार. न्हाय, पाच. चारच की वो."

"पाच," मुलींच्या बाकावरून आवाज आला.

"तुझ्या घरात पाळलाय व्हय?"

वर्गात भांडण पेटलं. शेवटी सगळे मास्तरांकडे वळले. आणि मास्तर म्हणाले, "मला विचारू नका. त्यालाच विचारा."

मोजली. मागे पाच, पुढे चार. मग तो पाय पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बोटांमधल्या पातळ पडद्यातून रक्त धावताना दिसतं, ते बघायला ढकलाढकली. "सर की बाजूला." "थांब की, पळतंय, पळतंय बघ." मीही डोळा लावला. मंडळी, मंडूक हा शब्द मला सगळ्या विभक्त्यांत चालवता येतो. झोपेतून उठवून विचारा, मंडूकः मंडूकौ मंडूकाः अडखळणार नाही. पण त्या दिवसापर्यंत मी बेडूक पाहिला नव्हता. टाळला होता, फार तर.

तास सुटल्यावर मी विचारलं, "मास्तर, खरं सांगा. फाडता की नाही?"

ते फडकं सोडवत म्हणाले, "तुम्हीपण त्यालाच विचारा."

माझं समाधान झालं नाही. मी त्यांच्या मागे मागे रंकाळ्यापर्यंत गेलो. जिथून आणला तिथेच सोडायचा, असा त्यांचा नेम. ज्या पोरानं धरला होता त्यानंच सोडला. कचेरीत संपादकांनी विचारलं, काय मिळालं? मी म्हणालो, बेडूक सुखरूप आहे. ती बातमी छापली गेली नाही.

संशय जुना असला की सुटत नाही, म्हणून आज इथेही तो घेऊन आलोय. माझ्या आधी शाळेचे चिटणीससाहेब फार सुंदर बोलले. मास्तरांच्या स्मृतीसाठी शाळा एक काचेचं कपाट करणार आहे. त्यात औषधात बुडवलेले प्राणी, बरण्यांवर नावं, आणि कपाटाला कुलूप. मुलांचे हात लागणार नाहीत, असं साहेबांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा टाळी पडता पडता राहिली. आपण शोकसभेत आहोत हे लोकांच्या लक्षात आलं.

मंडळी, हात लागू नयेत म्हणून हा माणूस शिकवत होता का?

आज सकाळी मी शाळेवरून आलो. मास्तरांच्या खोलीतल्या, बेडकांची पिल्लं वाढवायच्या काचेच्या पेट्या ओट्यावर उपड्या वाळत घातल्या होत्या. सुट्टीतसुद्धा रोज येऊन ते ज्यांचं पाणी बदलायचे, त्या. शिपाई सखाराम तिथेच होता.

"सखाराम, हे काय?"

"धुतल्यात की."

"आत होतं ते?"

"सोडलं तळ्यात."

"कुणी सांगितलं?"

"वरनं."

सखारामच्या वर शाळेत सगळेच आहेत, त्यामुळे मला काही कळलं नाही. साहेब, मी कुणावर आरोप करत नाही. पेट्या धुवायलाच काढल्या असतील. पण माणूस जाऊन पुरते तेरा दिवस झाले नाहीत, तोवर ही स्वच्छता कुणाला सुचली, एवढं मनात येतं. त्या पुन्हा भरणार का, नवीन येणाऱ्या मास्तरांना त्या दाखवणार तरी का, हे कुणी सांगितलं तर ऐकून मी आनंदानं खाली बसेन.

कुणी सांगत नाही. ठीक आहे.

मग माझं खरं दुखणं सांगतो, ते साहेबांबद्दलही नाही. माझी धाकटी मुलगी जूनमध्ये आठवीत जाते. फार गुणी आहे. मी जे सांगतो ते ती खरं मानते. परवा मी तिला सांगितलं, पाल ही सरड्याची बायको. तिनं मान डोलावली. मी गंमत केली होती, पण ती हसली नाही, आणि पाल समोर भिंतीवर असून तिकडे एकदा बघितलंही नाही. मी थोरामोठ्यांचं ऐकून असाच वाढलो. तिचं तसं होऊ नये म्हणून मी दोन वर्षं मास्तरांच्या आठवीच्या वर्गावर डोळा ठेवून होतो. घरात मला ते जमणार नाही. मी बाप आहे, माझ्यावर तिचा विश्वास आहे. त्याचीच मला भीती वाटते.

वहिनी, याहून बरं मला बोलता आलं नाही. मंडळी, आपण उभे राहू आणि थोडा वेळ कुणीच कुणाला काही सांगू नये.