मामांचं नाक

अगं थांब बाळ, ओढू नकोस, कुलूप मी काढतो – तुझ्या वडिलांच्या कपाटाचं कुलूप पहिल्यापासून हट्टी. हं, हा डबा, ही चप्पल, हा मफलर... वास येतोय ना? डांबराचा. इथल्या सगळ्यांच्याच कपड्यांना यायचा. भट्टीत भुसा नि काटक्या कोंडून, हवा कमी देऊन जाळायच्या, की गॅस निघतो, त्यावर इंजिन चालतं – पण त्याच्याबरोबर डांबर येतं नि इंजिन चोंदतं. सगळा पायलट प्लांट त्यापायी रखडलेला. पण मामा – तुझ्या वडिलांना आम्ही मामाच म्हणायचो – पाइपाजवळून नुसते गेले तरी सांगायचे, तिसऱ्या जोडावर गळतंय रे! गॅसच्या अलार्मच्या आधी मामांचं नाक. मी म्हणायचो, मामा, निवृत्त झालात तरी नाक इथंच ठेवून जा.

मग मी फिल्टर बसवला. कोळशाचा, माझ्याच डोक्यातला. काय सांगू तुला, डांबराचा टिपूस नाही, वास नाही! साहेबांनी पाठ थोपटली, मी हवेत. गॅस विषारी होता तो विषारीच राहिला गं, फक्त त्याचा वास गेला. एवढं माझ्या ध्यानात यायला नको? नाही आलं.

अलार्म? होता की. चौकशीच्या अहवालात लिहिलंय ना – बंद होता, कामगारानं तपासला नाही. कामगार म्हणजे मामा. त्या दिवशी पाहुणे यायचे होते, प्लांट बघायला. भट्टी पेटवताना धूर होतो, अलार्म कोकलत सुटतो – चारचौघांत शोभा नको, म्हणून वायर काढून ठेवली. कुणी म्हणजे? काढली कुणीतरी. मामा म्हणाले, राहू दे की रे जोडलेली. म्हटलं, तुमचं नाक आहे ना! हसले. हसतच फिल्टरच्या खोलीत गेले – आणि पाहुणे आले तेव्हा आम्ही त्यांना बाहेर ओढत होतो.

अशी बघू नकोस गं. हो, मीच काढली. चौकशीत म्हटलं, उंदरानं कुरतडली असेल. आईला सांगू नकोस – नाही, सांग. तिला वाटत असेल, माणूस स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला. सांग तिला, मामांची काही चूक नव्हती. मी घरी आलो असतो गं, पण कुठल्या तोंडानं येऊ?

काय? लिहून देऊ? सही करून?... बाळ, माझी नोकरी... घरी चार माणसं... तुला बोललो ना सगळं, आणखी काय हवंय? मामांच्या सामानाची ती पिशवी घे. घे म्हटलं ना. आणि जा तू आता – जा.